ऑफिसच्या इमारतीत पावसाचं पाणी साठवणं खरंच परवडतं का?

वळचण
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची नवीन इमारत होऊ घातलीय, नकाशे अजून कागदावरच आहेत. तळमजला धरून पाच मजले, छत १२०० चौरस मीटर, रोज साधारण ५०० माणसं कामाला. एसी सेंट्रल आहे, कूलिंग टॉवरवाला (थोडं पाणी वाफ करून उष्णता बाहेर टाकणारा), १५० टनांचा (इथं टन म्हणजे वजन नाही, थंड करायची क्षमता). पाऊस वर्षाला ९०० मिमीच्या आसपास, बहुतेक सगळा चार-पाच महिन्यांत, आणि सगळ्यात ओल्या महिन्यात २५० मिमी.

सल्लागारांनी पावसाच्या पाण्यासाठी जमिनीखाली ३०० घनमीटरची टाकी सुचवलीय, म्हणजे तीन लाख लिटर. कारण असं दिलंय की कोरडे महिने त्यावर निघतील. टाकीचा खर्च बघितल्यावर समितीतल्या अर्ध्या लोकांनी अख्खी कल्पनाच बासनात गुंडाळायला काढली. मला मनापासून वाटतं की हे व्हायला पाहिजे, पण पुढच्या बैठकीत नुसतं वाटून भागणार नाही, आकडे लागतील. व्यापारी इमारतीत हे प्रत्यक्ष चालवलेलं कुणी आहे का इथं? पैसे वसूल होतात का, आणि होत असतील तर कशामुळे?

मृगधारा
पाऊस फुकट पडतो, टाकी फुकट पडत नाही, इथंच सगळं अडतं :) धागा वाचतोय, जाणकारांनी लिहा.

हिशोबाची_वही
वळचण, तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा धाग्यांवर "आमच्याकडे भरपूर पाऊस पडतो" एवढ्यावरच चर्चा चालते.

आधी मिळकत बघू. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, यात काही गुपित नाही. १२०० चौरस मीटरवर ९०० मिमी म्हणजे कागदावर १०८० घनमीटर. पण छत तापलेलं असतं, पहिल्या सरी वाफ होऊन जातात, काही पाणी खळग्यांत राहतं, म्हणून पक्क्या छताला ०.८५ धरा. फिल्टरमधून थोडं वाया जातं, तिथं ०.९ धरा. हातात येतात साधारण ८२५ घनमीटर.

आता खर्ची. फ्लशला माणशी दिवसाला २० लिटर धरले तर ५०० माणसांचे रोज १० घनमीटर. महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे २५० घनमीटर. आणि तुमच्या सगळ्यात ओल्या महिन्याची मिळकत किती? २५० मिमीला वरचेच गुणक लावले की जेमतेम २३०.

बघा बरं, तुमचा सगळ्यात ओला महिनासुद्धा नुसत्या संडासांना पुरत नाही. म्हणजे पाणी महिनोन् महिने साठून राहायला शिल्लकच राहत नाही. ३०० घनमीटरची टाकी कधी काठोकाठ भरायचीच नाही. आणि समजा कुणी भरून दिली तरी रोज १० प्रमाणे ३० दिवसांत रिकामी, कोरडे महिने कुठले निघतायत. सल्लागारांच्या हिशोबात कुठंतरी पाणी मुरतंय.

वळचण
हे वाचून मी दोनदा गुणाकार करून बघितला. बरोबर आहे! मग टाकी लागते तरी किती?

हिशोबाची_वही
एका मुसळधार दिवसाचं पाणी दोन-चार दिवस धरून ठेवण्यापुरती. ६० मिमीचा एखादा दिवस पकडा, तुमच्या छतावरून ५५ घनमीटर येतील. ब्रिटनचं जे मानक होतं, २००९ चं बीएस ८५१५, त्यात एक सोपा ठोकताळा दिलेला आहे: वर्षाची मिळकत किंवा वर्षाची बिगर-पिण्याची गरज, दोन्हींत जे कमी त्याचे ५ टक्के. तुमच्यासाठी ८२५ चे ५ टक्के, म्हणजे ४१ घनमीटर. म्हणजे ३०० ऐवजी ४०-५०.

मूळ प्रश्न एवढाच विचारायचा: टाकी वर्षातून किती वेळा भरून रिकामी होणार. ४० ची टाकी वीसदा पलटली की ८०० घनमीटर पाणी तिनं दिलं. ३०० ची टाकी तेवढंच पाणी द्यायला तीनदाही पलटत नाही, आणि खर्च मात्र भला मोठा.

पाणीदार
वहीशेठशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक हरकत नोंदवतो. तो ५ टक्क्यांचा ठोकताळा बाराही महिने थोडा-थोडा पाऊस पडणाऱ्या हवामानासाठी बसवलेला आहे. जिथं सगळा पाऊस चार-पाच महिन्यांत कोसळतो तिथं तो डोळे झाकून वापरू नये. सलग तीन दिवस ५० मिमी पडला, त्यात दोन दिवस सुट्टीचे आले, की ४० ची टाकी पहिल्याच रात्री भरणार आणि पुढचं सगळं गटारात.

योग्य रीत म्हणजे रोजच्या पावसाची निदान दहा वर्षांची नोंद घ्यायची, स्प्रेडशीटमध्ये एक ओळ एक दिवस, काल उरलेलं अधिक आज आलेलं वजा आज वापरलेलं, टाकीपेक्षा जास्त झालं तर सांडलं, शून्याखाली गेलं तर बाहेरून घेतलं. रिप्पल नावाच्या अभियंत्यानं १८८३ मध्ये धरणांसाठी आवक-जावकीच्या वक्ररेषेची पद्धत मांडली, विचाराची जात तीच. मग टाकी २० धरून बघा, ४० धरून बघा, ६०, ८०, १५०. दर वेळी वर्षाला किती पाणी वापरात आलं ते मांडा. सुरवातीला रेघ झपझप वर चढते, मग सपाट होत जाते. जिथं सपाट व्हायला लागते तिथं थांबायचं. वळचणताईंच्या इमारतीत ती ६० ते ८० च्या मध्ये कुठंतरी सपाट होईल असा माझा अंदाज, ४० वर नाही.

हिशोबाची_वही
मान्य, रोजची नोंद मिळत असेल तर तीच रीत. मी बैठकीत तोंडी सांगता येईल असा आकडा दिला. ६० काय ८० काय, ३०० पासून कोसो दूरच आहोत.

आर्किटेक्ट_आहे_मी
आमच्या क्षेत्रातून एक नेहमीचा आक्षेप येतो, तो मांडते. उंच इमारतीत हे करून काय उपयोग, छत एवढंसं आणि माणसं हजार, गरजेच्या दहा टक्केसुद्धा भागत नाहीत, असं म्हणतात. टक्केवारी खरीच कमी येते. पण पैशाच्या दृष्टीनं चित्र उलटं आहे. उंच इमारतीत पडलेला थेंबन् थेंब त्याच आठवड्यात वापरला जातो, टाकी लहान पुरते.

खरी पंचाईत गोदामांची आणि एकमजली मोठ्या दुकानांची. छत १०,००० चौरस मीटर आणि आत माणसं वीस. पाणी अमाप, प्यायला कुणी नाही. तिथं फ्लशसाठी छोटीशी टाकी ठेवावी आणि बाकीचं जिरवावं किंवा गाड्या धुणाऱ्या शेजाऱ्याला द्यावं. दोन्ही इमारतींना "प्रति चौरस मीटर छत इतकी टाकी" असा एकच नियम लावला की एकीकडे तरी पैसा वाया जाणारच.

मृगधारा
पण मग परदेशात एवढ्या मोठमोठ्या टाक्या का बांधल्यात? टोकियोच्या सुमोच्या आखाड्याखाली १००० घनमीटरची टाकी आहे असं वाचलेलं आठवतंय.

पाणीदार
बरोबर वाचलंय. र्योगोकू कोकुगिकान, १९८५ चा, छत ८,४०० चौरस मीटर. भागाकार केला तर टाकी म्हणजे सुमारे १२० मिमी पावसाची झाली. बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झला १९९८ मध्ये १९ इमारतींच्या ३२,००० चौरस मीटर छतांसाठी ३,५०० घनमीटर केली, ती सुमारे ११० मिमीची. आणि वळचणताईंची ३०० वाली? २५० मिमीची! म्हणजे त्या दोन्ही नावाजलेल्या प्रकल्पांच्या दुपटीहून जास्त.

शिवाय त्या टाक्यांचं काम वेगळं आहे. आखाड्यात स्पर्धा असते तेव्हा हजारो माणसं, नाहीतर शुकशुकाट, मधल्या काळात पाणी धरून ठेवावंच लागतं. बर्लिनमध्ये त्या पाण्यावर फ्लश, हिरवी छतं आणि एक कृत्रिम तलाव चालतो, आणि मुख्य म्हणजे जोराच्या पावसात गटारं तुंबू नयेत हाही हेतू होता. जर्मनीत बऱ्याच शहरांत छतावरून गटारात सोडलेल्या पावसाच्या पाण्यावर वेगळा आकार लागतो, तो वाचतो. तिथल्या हिशोबात वाचलेलं पाणी हा एक रकाना झाला, न सोडलेलं पाणी हा दुसरा.

फॅसिलिटीवाला
मी इमारती चालवतो, बांधत नाही, त्यामुळे माझं बोलणं थोडं कडू लागेल. टाकी कितीची यावर रात्रभर बोला, पण माझ्या बघण्यातल्या ज्या योजना बंद पडल्या त्या टाकीच्या आकारामुळे नाही पडल्या.

एका इमारतीचा ताबा घेतला तेव्हाची गोष्ट. पावसाच्या लाइनवर मीटर होता आणि तो भर पावसाळ्यात ढिम्म हलत नव्हता. बाहेर धो-धो कोसळतोय, मी मॅनहोल उघडून टॉर्च मारला. टाकी तुडुंब, ओव्हरफ्लोच्या पाइपातून स्वच्छ पाणी धबाधबा बाहेर चाललेलं, आणि समोरच्या भिंतीला म्युनिसिपल लाइनचा फ्लोट व्हॉल्व्ह, अगदी वर, ओव्हरफ्लोच्या चार बोटं खाली. म्हणजे टाकी जरा उतरली की नळाचं पाणी येऊन ती परत भरायची. पाऊस येईल तेव्हा जागाच नाही. वर्षानुवर्षं ती टाकी नळाचं पाणी साठवत होती आणि पावसाचं गटारात सोडत होती, आणि दारावर मात्र हरित इमारतीची पाटी.

इलाज अगदी साधा. बाहेरच्या पाण्याची भर तळाशी पाहिजे, एका दिवसाच्या गरजेपुरती, त्याच्यावर नाही. तीही थेट पाइप बुडवून नको, वर हवेची फट ठेवून नरसाळ्यात सोडायची, म्हणजे पावसाचं पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत ओढलं जायची भीती नाही. नकाशावर ही एक ओळ लिहून घ्या, वळचणताई.

नळदुरुस्त
फॅसिलिटीवाल्या साहेबांना +१. असलं बरंच बघितलंय.

माझी भर. १) फिल्टर घेताना वर्षाचा पाऊस बघू नका, जोर बघा. तासाला १०० मिमीच्या जोरानं तुमच्या छतावरून १२० घनमीटर येणार, म्हणजे सेकंदाला ३३ लिटर. छोटा फिल्टर लावला तर ज्या पावसात टाकी भरायची त्याच पावसात तो बाजूनं सगळं सोडून देतो. २) पहिला १ मिमी टाकून द्यायचा, तुमच्याकडे ते १२०० लिटर होतात, धूळ, पक्ष्यांची घाण, पाचोळा सगळं त्यात जातं. त्याचं पाणी हळूहळू आपोआप निथळून जाईल असं भोक ठेवा, माणूस येऊन व्हॉल्व्ह उघडेल या भरवशावर राहू नका, तो येत नाही. ३) टाकीत पाणी वरून आपटू नका, पाइप तळाशी नेऊन तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. पंपाचं ओढणंही तरंगत्या नळीनं, पृष्ठभागाच्या थोडं खालून. वर तवंग, खाली गाळ, मधलं पाणी चांगलं. ४) ओव्हरफ्लो येणाऱ्या पाइपापेक्षा बारीक चालणार नाही. हे ऐकायला वेडगळ वाटतं पण होतं.

भाडेकरू_कायमचा
एक वेगळाच मुद्दा. बांधणार मालक, पाण्याचं बिल भरणार भाडेकरू. मग मालकानं का खर्च करावा? आमच्या इमारतीत हा विषय दर वर्षी निघतो आणि दर वर्षी इथंच थांबतो.

हिशोबाची_वही
भाडेकरूदादा, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. वळचणताईंची संस्था स्वतःच मालक आणि स्वतःच वापरणारी आहे म्हणून त्यांचं सोपं आहे. भाड्याच्या इमारतीत पावसाचं पाणी मीटर लावून सामाईक देखभालीत थोड्या कमी दरानं विकायचं, असा करार करता येतो. मालकाला वसुली मिळते, भाडेकरूला सवलत. पण तो करार आधी झाला पाहिजे, पाइप टाकल्यावर नाही.

फॅसिलिटीवाला
आता मूळ प्रश्नाला मी वेगळं उत्तर देतो. फ्लशला पाणी द्यायचं तर पाचही मजल्यांवर दुहेरी पाइप, दुहेरी उभ्या लाइनी, दुहेरी टाक्या. कूलिंग टॉवरला द्यायचं तर? एक पाइप. टाकीपासून टॉवरपर्यंत, बस्स.

आणि टॉवर पाणी पितो किती बघा. एका टनाला पूर्ण लोडवर तासाला ६.८ लिटर वाफ होऊन जातात. १५० टन, दहा तास, सरासरी ६० टक्के लोड, झाले रोज ६ घनमीटरच्या वर. हे नुसतं उडून जाणारं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं, ब्लोडाउन. जड पाण्यावर क्षार तिप्पट होईपर्यंतच चालवता येत असेल तर जेवढी वाफ त्याच्या निम्मं आणखी सोडावं लागतं, म्हणजे एकूण ९ घनमीटरच्या पुढे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते मिसळून सहापटीपर्यंत जाता आलं तर सोडायचं पाणी वाफेच्या पाचव्या हिश्श्यावर येतं, एकूण गरज २० टक्क्यांनी उतरते. केमिकलही कमी लागतं. म्हणजे पावसाचा एक लिटर टॉवरमध्ये एका लिटरपेक्षा जास्त काम करतो, फ्लशमध्ये एका लिटरचंच करतो.

पाणीदार
मुद्दा चांगला, पण तीन गोष्टी राहिल्या. एक, पावसाळ्यात हवा थंड असली की एसीचा लोड उतरतो, म्हणजे पाणी येतं तेव्हाच टॉवरची तहान कमी. आणि हवा दमट असली तर लोड तेवढा उतरतही नाही, तेव्हा आपल्या जागेचे महिन्यावार लोडचे आकडे मांडल्याशिवाय बोलू नये. दोन, पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएचसुद्धा ५.६ च्या आसपास. नुसतं तेच घातलं तर जस्ताचा मुलामा आणि लोखंड खातं. मिसळून वापरा आणि पाणी-उपचार करणाऱ्याला आधी सांगा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, लेजिओनेला. २० ते ४५ अंशांत वाढणारा जीवाणू, टॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. साठवलेलं पाणी टॉवरला देणार असाल तर गाळण आणि निर्जंतुकीकरण दोन्ही पाहिजे. अल्ट्राव्हायोलेट दिवा गढूळ पाण्यावर काम करत नाही, आधी बारीक फिल्टर, मग दिवा. हा खर्च "एक पाइप, बस्स" मध्ये धरलेला नाही.

फॅसिलिटीवाला
लेजिओनेलासाठी निर्जंतुकीकरण टॉवरला तसंही करावंच लागतं, पाणी नळाचं असो की पावसाचं. पण गाळण वाढते हे खरं. मिसळून वापरायचं हेही खरं. लोडबद्दल तुमचं म्हणणं ताईंनी तपासावं.

आर्किटेक्ट_आहे_मी
मी टॉवर विरुद्ध फ्लश या वादात पडणार नाही, वेळेचा मुद्दा मांडते. दुहेरी पाइपिंग आज नकाशावर केलं तर शाफ्टमध्ये आणखी एक उभी लाइन आणि प्रत्येक मजल्याला एक फाटा. दहा वर्षांनी करायचं म्हटलं तर फरशा उखडा, छताचं सीलिंग काढा, टॉयलेटं बंद ठेवा, आणि माणसं कुठं जाणार? चालत्या इमारतीत पाइपाच्या खर्चापेक्षा तोडफोडीचा खर्च मोठा होतो. टाकी नंतर वाढवता येते, बाजूला दुसरी बसवता येते. पाइप नंतर घुसवणं मुश्कील. म्हणून बजेट तोकडं पडत असेल तर टाकी कमी करा, पाइपिंग करून ठेवा.

शिवाय त्याच लाइनीवर पुढे बेसिनचं प्रक्रिया केलेलं पाणी सोडता येईल, एसीच्या युनिटमधून निथळणारं पाणी सोडता येईल. दमट हवेत ते निथळणारं पाणी कोरड्या महिन्यांतही चालू असतं.

आडवाट
अवांतर: मग बेसिनचंच पाणी शुद्ध करून वापरावं ना सरळ, ते रोज येतं, पावसाची वाट बघत बसायला नको. पावसाचा एवढा सोस कशाला?

पाणीदार
आडवाट, अवांतर नाही, हा खरा प्रतिस्पर्धी आहे. बेसिनचं पाणी रोज आणि ठरावीक येतं म्हणून टाकी छोटी लागते, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात साबण, केस, सेंद्रिय घाण. प्रक्रिया रोज चालवावी लागते, माणूस लागतो, दोन दिवस बंद पडली की वास. छतावरचं पाणी गाळलं की फ्लशच्या लायकीचं होतं. आणि ऑफिसात अंघोळी नाहीत, बेसिनचं पाणी माणशी फारसं निघतही नाही. हॉटेलात, वसतिगृहात मी आधी तुमचंच ऐकेन. ऑफिसात पाऊस आधी.

मृगधारा
आणि हे सगळं पाणी जमिनीत जिरवलं तर? टाकीच नको, पंप नको, कटकट नको.

नळदुरुस्त
जिरवणं चांगलंच, पण त्यात बिल कमी होत नाही, लगेच तरी नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. आणि सगळीकडे जिरतही नाही. चिकण माती असेल तर खड्डा आठवडाभर तसाच भरून राहतो. भूजल वरच असेल तर जिरवायला जागा नाही, उलट तुमच्या तळघराच्या भिंतीतून ते परत तुम्हालाच भेटायला येतं. आधी खड्डा खणून, माती भिजवून, पाणी भरून तासाला किती उतरतं ते मोजायचं. आणि पार्किंगवरून वाहणारं पाणी थेट जिरवणीच्या बोअरमध्ये कधीही सोडू नका. तेल, ग्रीस, टायरची काजळी, एकदा जमिनीखालच्या पाण्यात गेली की काढता येत नाही. छताचं पाणी वेगळं, पार्किंगचं वेगळं.

हिशोबाची_वही
वळचणताई, बैठकीसाठी हिशोबाचा सांगाडा देतो, दर तुमच्या गावचे टाका.

वर्षाची बचत = वापरात आलेले घनमीटर × तुमचा सगळ्यात महागडा दर, वजा वीज, वजा देखभाल. महागडा दर म्हणजे काय? तुमची इमारत नळाचं आणि टँकरचं दोन्ही पाणी घेत असेल तर पावसाचं पाणी आधी टँकर वाचवतं, तेव्हा दर टँकरचा धरा. पण टँकर कोरड्या महिन्यांतच येत असेल तर पावसाळ्यातलं पाणी तो वाचवत नाही, तिथं नळाचाच दर धरायचा. इथं बरेच जण स्वतःची फसवणूक करून घेतात. सांडपाण्याचा आकार पाण्याच्या मीटरवर लागत असेल तर तोही धरा.

वीज किरकोळ. २० मीटर चढवायला ५० टक्के कार्यक्षमतेचा पंप धरला तर एका युनिटमध्ये साधारण ९ घनमीटर वर जातात. ८०० घनमीटरला वर्षाला शंभरेक युनिट. वारंवार चालू-बंद होणारा प्रेशर पंप दुप्पट-तिप्पट खातो, म्हणून वर एक छोटी टाकी ठेवून तिथून गुरुत्वानं खाली सोडा. फक्त १ घनमीटर म्हणजे १ टन वजन, स्ट्रक्चरवाल्याला आधी सांगा.

खर्चाच्या बाजूला छताच्या पन्हाळी-पाइप धरू नका, ते पावसाचं पाणी खाली आणायला तसेही लागतातच. फक्त जादा खर्च धरा: टाकी, फिल्टर, पंप, दुहेरी लाइन, मीटर. आणि देखभाल शून्य लिहू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.

वळचण
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

रोजच्या पावसाची नोंद मिळवली आणि पाणीदारांनी सांगितली तशी शीट केली. फ्लश आणि टॉवर दोन्ही जोडलं तर ५० च्या पुढे टाकी वाढवून फारसं काही हाती लागत नाही. नुसत्या फ्लशवर ठेवलं तर ७० पर्यंत थोडा फायदा दिसतो. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात. सुट्ट्या शीटमध्ये घातल्या, त्यानं बराच फरक पडतो.

समितीपुढे असं नेतेय: ६० घनमीटरची टाकी, पाचही मजल्यांवर दुहेरी लाइन आत्ताच, टॉवरला फाटा काढून बंद व्हॉल्व्ह, पहिल्या वर्षी फक्त फ्लश. वर्षाच्या फ्लशच्या पाण्यातला ढोबळमानानं चौथा हिस्सा पाऊस देईल. ३०० च्या टाकीनंसुद्धा याहून नावापुरतंच जास्त दिलं असतं. काल सल्लागारांना शीट दाखवली, त्यांनी शांतपणे बघितली आणि "सुधारित नकाशा पाठवतो" म्हणाले. एकच शंका राहिलीय: वापरासाठी साठवण आणि पूर-नियंत्रण (जोराच्या पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडणं) दोन्ही एकाच टाकीत होईल का? कारण तोही नियम आम्हाला लागू आहे.

आर्किटेक्ट_आहे_मी
एकाच टाकीत करता येतं पण दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पूर-नियंत्रणाला टाकी रिकामी पाहिजे, वापराला भरलेली. म्हणून आडवी विभागणी करा: खालचे ६० वापराचे, त्यावर नियमानं लागणारी जागा, आणि दोन्हींच्या सीमेवर एक बारीक भोक, ज्यातून वरचं पाणी काही तासांत हळूहळू गटारात उतरतं. वरचा भाग वापराच्या हिशोबात अजिबात धरायचा नाही. त्या भोकाला जाळी लावा, ते पाचोळ्यानं बुजलं की वरचा भाग भरलेलाच राहतो आणि पुराच्या दिवशी कामाला येत नाही.

नळदुरुस्त
आणि ताई, काम संपल्यावर ताबा घेण्याआधी रंगाची चाचणी करून घ्या. पावसाच्या टाकीत खाण्याचा रंग मिसळायचा, सगळे फ्लश चालवायचे, मग प्रत्येक मजल्यावरचं प्रत्येक बेसिन, पॅन्ट्रीचा नळ, पिण्याचा कूलर, एकूण एक उघडून बघायचं. फ्लशला रंग आला पाहिजे, बाकी कुठंही येता कामा नये. लाइनींचे रंग वेगळे असले तरी घाईत कुणीतरी चुकीचा टी (तीन तोंडांचा पाइपजोड) मारतोच. कागदावर सही घेण्यापेक्षा स्वतः मजल्यामजल्यावर फिरा.

वळचण
हे नकाशावरच्या त्या ओळीखाली लिहून ठेवलं. रंग कुठला घालू, निळा?

नळदुरुस्त
निळाच. लाल घालू नका, गंजाचं पाणी आलं तरी रंग आला असं वाटतं.